आधी तेल, मग बूस्ट

जुनी टर्बो गाडी घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, किती एचपी निघंल?" गाडी निळा धूर सोडत गॅरेजात शिरलेली असते, आयडलिंगला थरथरत असते, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला असतो आणि मालकाच्या डोक्यात अडीचशेचा आकडा फिरत असतो. कारखान्यातून निघताना गाडीत दीडशे घोडे होते, ते कुठं गेले, हे कुणी विचारत नाही. मी कोल्हापुरात इंजिनं बांधतो. सुरुवात डिझेलवर झाली, कारण इथं ट्रॅक्टर, ट्रक आणि ऊस वाहणाऱ्या गाड्यांना तोटा नाही. पेट्रोल टर्बोकडं मी उशिरा वळलो. या कामात ताकद वाढवण्याचा भाग फार थोडा असतो, गेलेली ताकद परत आणण्याचाच मोठा. हे गिऱ्हाइकाला पटवण्यात माझा जेवढा वेळ जातो, तेवढा क्रँक बसवण्यात जात नाही.

जयसिंगपूरकडच्या एका तरुण कंत्राटदारानं आणलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही त्यातलीच एक. ही गाडी भारतात २००४ साली आली. तोवर आपल्याकडं टर्बो म्हणजे डिझेल, टर्बो म्हणजे सुमो, बोलेरो किंवा ट्रक असंच समीकरण होतं. पेट्रोल इंजिनावर टर्बो बसवून ती गाडी शोरूममध्ये ठेवणं ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. ऑक्टाव्हियाची जुळणी तेव्हा औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात होत असे, त्यामुळं मराठी मुलखात या गाड्यांवर हात बसलेली माणसं अजून सापडतात. इंजिन १७८१ सीसीचं, चार सिलिंडरांचं, आणि प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह : तीन हवा आत घेणारे, दोन धूर बाहेर सोडणारे. युरोपातल्या आरएसला १८० अश्वशक्ती होती, आपल्या वाट्याला १५० आली. आपल्याकडचं साधं पेट्रोल त्या काळात ८८ ते ९१ ऑक्टेनचं होतं, हे लक्षात घेतलं तर दीडशेचं वाईट वाटायचं कारण नाही. शिवाय २१० न्यूटन मीटरचा टॉर्क १७५० आरपीएमपासूनच मिळायचा. ज्यांनी ती गाडी नवी असताना कागल-निपाणी रस्त्यावर चालवली, ते अजून तिसऱ्या गिअरमधल्या त्या धक्क्याबद्दल बोलतात.

टर्बोचं तत्त्व सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असलेलं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण हा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो आणि तो सहसा बॉल बेअरिंगवर नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हा थर क्षणभर तुटला तरी धातू धातूला लागतो. बरं, हाच दांडा एका टोकाला नऊशे अंश सेल्सिअसच्या धुरात असतो. घाटातून गाडी दामटत यायचं आणि धाब्यावर पोचल्या पोचल्या किल्ली फिरवून बंद करायचं, ही सवय म्हणूनच टर्बोच्या मुळावर येते. तेलाचा प्रवाह थांबतो, उष्णता मात्र तिथंच असते. आत अडकलेलं तेल करपून काळा कोळसा होतो. मिनिटभर इंजिन सावकाश चालू ठेवायला काही पैसे पडत नाहीत. पण धाब्याचा वास आला की धीर कुणाला असतो?

आता त्या गाडीकडं. आधीच्या कुठल्या तरी गॅरेजनं तिच्यावर हवेत फुसकारणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला होता. थ्रॉटल सोडलं की 'फुस्स' आवाज येतो, पोरांना तो आवाज लई आवडतो. या इंजिनात हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. कॉम्प्युटरनं मोजलेली हवा आपण वाटेत बाहेर सोडून दिली, तरी तो बिचारा मोजलेल्या हवेच्या हिशेबानंच पेट्रोल टाकत राहतो. मिश्रण घट्ट होतं, काळा धूर येतो, प्लग काजळतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो. म्हणून मूळ गाडीत डायव्हर्टर व्हॉल्व्ह ही हवा परत टर्बोच्या तोंडाशी नेऊन सोडतो. मी पहिलं काम केलं ते आवाज बंद करण्याचं. मालकाचं तोंड उतरलं. "आवाजच काढला व्हय दादा?" म्हणाला. मी म्हटलं, "आवाजाचा हप्ता तू पेट्रोलमध्ये भरतोयस, भावा."

इंजिन उघडण्याआधी त्याची तपासणी करावी लागते, आणि इथंच बहुतेक जण घाई करतात. कॉम्प्रेशन बघितलं, तर एक सिलिंडर बाकीच्यांच्या मानानं फारच खाली. या इंजिनात चार सिलिंडरांमध्ये तीन बारपेक्षा जास्त तफावत चालत नाही. मग कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून आत सोडून कान लावला. हवा कुठून सुटते त्यावरून दोष कळतो. तेल ओतायच्या तोंडातून फुसफुसली तर रिंगा गेल्या, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग. इथं ती तेलाच्या तोंडातून येत होती. तेलाच्या दाबाच्या स्विचच्या जागी घड्याळवाला गेज लावला, आणि गरम इंजिनाचा काटा आयडलिंगला जिथं जाऊन टेकला ते बघून मी इंजिन लगेच बंद केलं. पुढं रस्त्यावर चालवून बघायची हौस मी केली नाही. मालकाला म्हटलं, गाडी आता इथून ढकलत नाही तर इंजिन बांधूनच बाहेर जाईल.

इंजिनाखालचा तेलाचा सम्प उतरवला आणि सगळा उलगडा झाला. तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते. ती जाळी चहाच्या गाळणीत चोथा बसावा तशी काळ्या गाळानं भरली होती. या इंजिनात तेल मावतं जेमतेम चार-साडेचार लिटर, आणि तेवढ्याच तेलानं बेअरिंगंही सांभाळायची, पिस्टनही थंड ठेवायचे आणि टर्बोही. म्हणून कंपनी पूर्ण सिंथेटिक, फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मानकाचं तेल मागते. आधीच्या मालकांपैकी कुणीतरी वर्षानुवर्षं साधं खनिज तेल ओतलं असणार, तेही उशिरा-उशिरा बदलून. तेल करपलं, त्याची पूड जाळीत बसली, पंपाला ओढायला तेल मिळेना, दाब पडला, बेअरिंगचा पांढरा थर जाऊन तांबूस रंग दिसायला लागला. यातल्या कुठल्याही पायरीला गाडी बंद पडली नाही. ती चालत राहिली, फक्त दर महिन्याला थोडी कमी चालत राहिली. टर्बोची गाडी अशीच मरते, आणि मालकाला वाटतं की रीमॅप केला, म्हणजे कॉम्प्युटरमधले आकडे बदलले, की ठीक होईल.

टर्बो उतरवणं हे या कामातलं सगळ्यात वैतागाचं प्रकरण. इंजिन आडवं बसवलेलं, टर्बो त्याच्या मागं, फायरवॉलच्या बाजूला. हात जातो पण पाना फिरत नाही, पाना फिरतो पण दिसत नाही. मॅनिफोल्डचे स्टड वीस वर्षं तापून निवून गंजलेले. त्यांना जोर लावला की ते सुटत नाहीत, तुटतात. मी इंजिनच बाहेर काढलं, आणि तरीही दोन स्टड हेडमध्ये तुटून राहिले. त्यावर आमचा जुना उपाय आहे : तुटलेल्या टोकावर नट ठेवायचा, नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टाका मारायचा, लाल असतानाच गोटी पाना चढवून मागंपुढं, मागंपुढं, अगदी थोडं-थोडं हलवायचं. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंज सुटतो. माझा हेल्पर या कामाला सरावलाय. त्याच्या मनगटाला केव्हा थांबायचं ते कळतं. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. मॅन्युअलमध्ये 'स्टड काढा' एवढंच असतं.

ब्लॉक घेऊन मी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की पंचगंगेच्या काठावरच्या उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं इथल्या फाउंड्र्यांनी आणि लेथनी पिढ्यान्‌पिढ्या बनवली. आमचे बोअरिंगवाले मामा त्याच परंपरेतले. त्यांच्या दुकानात डिझेल इंजिनांचे लायनर रांगेनं उभे असतात. ऑक्टाव्हियाचा ब्लॉक त्यांच्यासमोर ठेवला, तर त्यांनी आधी त्याचं वजन हातानं तोललं आणि म्हणाले, "बिडाचा हाय न्हवं? मग काळजी न्हाई." ब्लॉक बिडाचा आहे हेच या इंजिनाचं मोठं भाग्य. तो बोअर करता येतो. मूळ बोअर ८१ मिलिमीटर. आम्ही अर्ध्या मिलिमीटरच्या ओव्हरसाइज पिस्टनवर गेलो.

इथं एक बारीक गोष्ट आहे, आणि मामांशी माझा वाद झाला तो त्यावरच. ब्लॉकवर हेड बसवून बोल्ट आवळले, की त्या ताणानं सिलिंडर किंचित वाकडे होतात. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल केलेला बोअर हेड चढल्यावर गोल राहत नाही. जुन्या, हळू फिरणाऱ्या डिझेल इंजिनात हा फरक खपून जातो. टर्बो पेट्रोलमध्ये रिंगेच्या बाजूनं दाब खाली सुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून होनिंग करताना हेडच्या जागी जाड प्लेट आवळायची, म्हणजे ब्लॉक आधीच ताणलेल्या अवस्थेत गोल होतो. मामा म्हणाले, "हे खूळ कुठनं शिकून आलास?" मी त्यांना डायल गेज दिला, प्लेटशिवाय माप घ्यायला लावलं, मग हेडचे बोल्ट आवळून परत माप घ्यायला लावलं. त्यांनी काटा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दोन इंच जाडीची प्लेट कापून, भोकं पाडून तयार ठेवली होती. आता ती प्लेट त्यांच्या भिंतीला टांगलेली असते आणि मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावर व्याख्यान देतात. मी ऐकून घेतो.

रिंगांच्या फटीचंही असंच. रिंग बोअरमध्ये बसवली की तिच्या दोन टोकांत फट राहते. नव्या रिंगेला ०.२० ते ०.४० मिलिमीटर फट चालते. साध्या इंजिनात मिस्त्री कमीत कमी फट ठेवतो, कारण फट कमी तर गळती कमी. टर्बोमध्ये उलटं. जास्त हवा, जास्त जाळ, रिंग जास्त फुगते. फट पुरली नाही तर दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड फुटते. म्हणून मी कानशीनं घासून वरच्या रिंगा ०.४० च्या जवळ ठेवल्या. प्रत्येक रिंग तिच्या-तिच्या सिलिंडरमध्ये घालून, फीलर गेज सरकवून, परत काढून, परत घासून. कंटाळवाणं काम. रेडिओ लावून बसायचं.

कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवे घेतले. ते आधी ३० न्यूटन मीटरला आवळायचे आणि मग आणखी ९० अंश फिरवायचे. त्या शेवटच्या वळणात बोल्ट कायमचा ताणला जातो, म्हणून तो एकदाच वापरायचा. हेल्पर म्हणाला, "जुनं चांगलं दिसायला लागल्यात की." चांगले दिसतातच. ताणलेला बोल्ट डोळ्यांना दिसत नाही, सहा हजार आरपीएमला दिसतो.

हेडवर वीस व्हॉल्व्ह. जुन्या सवयीनं मिस्त्री व्हॉल्व्ह घासायला मशीनवर चढवतो. या इंजिनात ते करायचं नसतं. व्हॉल्व्ह घासून पुन्हा बसवायला कंपनीची मनाई आहे, फक्त हातानं लॅपिंग चालतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे दांडे पोकळ असतात आणि त्यांत सोडियम भरलेलं असतं. ते वितळून आत हलतं आणि व्हॉल्व्हच्या तोंडाची उष्णता दांड्याकडं नेतं. असा व्हॉल्व्ह भंगारात टाकायचाही वेगळा रिवाज आहे, कारण सोडियम पाण्याला लागलं की भडका उडतो. गॅरेजातल्या पोरांना हे सांगितलेलं बरं, नाहीतर कोणीतरी त्याची छिन्नी करायला जायचा.

टर्बो के-झीरो-थ्री जातीचा. दांडा आडवा हलतो का आणि मागंपुढं सरकतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तेल नसताना किंचित आडवा हलणं साहजिक आहे, कारण तेलाच्या थराला जागा लागतेच. मागंपुढं सरकला तर मात्र थ्रस्ट बेअरिंग गेलं. याचं गेलं होतं. टर्बो दुरुस्त करणारे आपल्याकडं खूप आहेत, पण बहुतेकांचा हात डिझेलवर बसलेला. डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानानं थंड. पेट्रोल टर्बोच्या बेअरिंगभोवती पाण्याची वाट असते ती त्याचसाठी. त्या पाण्याच्या नळ्या आणि तेलाची नळी मी सगळ्या नव्या घातल्या. तेलाची नळी मॅनिफोल्डच्या अगदी जवळून जाते, तिच्या आत करपलेल्या तेलाचा थर असतोच, आणि जुनी नळी नव्या टर्बोला लावणं म्हणजे तेच मरण हप्त्यानं विकत घेणं. मालकानं बिल बघून विचारलं, "नळीला एवढं?" हो, नळीलाच एवढं.

इंजिन बांधून झालं की किल्ली फिरवायची नसते. आधी टर्बोच्या तोंडात तेल ओतायचं, कॉइल आणि इंजेक्टर सोडवायचे, आणि नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवत गेजकडं बघत राहायचं. काटा हलेपर्यंत गॅरेजात कुणी बोलत नाही. मग कॉइल आणि इंजेक्टर परत जोडायचे. पहिल्या फटक्यात इंजिन उठलं, लिफ्टरांची थोडी टकटक झाली आणि तेल पोचल्यावर बंद झाली. गरम झाल्यावर तीन हजार आरपीएमला दाब चार बारच्या आसपास आला. सगळ्या कामात मला ज्या आकड्याचा आनंद झाला तो हा. मालकाला त्यात काहीच वाटलं नाही, तो सायलेन्सरचा आवाज ऐकत होता.

नव्या रिंगांना बोअरमध्ये बसवायला ओझं लागतं. आयडलिंगला तासन्‌तास उभी ठेवून इंजिन 'सेट' होत नाही, उलट बोअर काचेसारखा गुळगुळीत होऊन बसतो. थ्रॉटल अर्ध्यापर्यंत दाबून चढ चढायचा, मग पाय काढून इंजिनच्या ब्रेकवर उतरायचं. चढाला रिंगा दाबानं बोअरवर घासतात, उताराला मॅनिफोल्डमधली पोकळी तेल वर ओढते आणि घासलेला किस धुऊन काढते. आजऱ्यावरून आंबोलीचा घाट या कामाला फार चांगला. शिवाय वर नाश्ता मिळतो. परत आल्यावर तेल बदललं, फिल्टर कापून उघडून बघितला, चमक होती पण चिप नव्हती.

यानंतर ट्यूनिंग. आता मालक खऱ्या अर्थानं जागा झाला.

इथं जरा मागं जातो. टर्बो लावलेली पहिली पेट्रोल कार कोणती म्हणून विचारलं तर १९६२ सालच्या अमेरिकेतल्या दोन गाड्या सांगाव्या लागतात. त्यातली एक ओल्ड्समोबिल जेटफायर. तिचं कॉम्प्रेशन इतकं जास्त होतं, की पेट्रोल वेळेआधी भडकायचं, म्हणजे इंजिन नॉक करायचं. त्यावर कंपनीनं पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण आत फवारण्याची सोय केली. त्याची वेगळी टाकी होती आणि मालकानं ती भरत राहायची होती. मालक विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी आपणहून बूस्ट कमी करायची, आणि लोक तक्रार घेऊन यायचे की गाडी ओढत नाही. शेवटी कंपनीनं टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. पुढं इंजेक्शन आलं, नॉक ऐकणारा सेन्सर आला, कॉम्प्युटर आला. मालक मात्र तोच राहिला.

या ऑक्टाव्हियात बॉशचा कॉम्प्युटर आहे, आणि तो बूस्टच्या भाषेत विचार करत नाही, टॉर्कच्या भाषेत करतो. पाय किती दाबला यावरून तो टॉर्क किती हवा ते ठरवतो, मग त्यासाठी हवा किती, थ्रॉटल किती उघडायचा, टर्बोचा दाब किती, टायमिंग किती. नुसता बूस्ट वाढवून दिला तर हा हिशेब जुळत नाही आणि तो थ्रॉटल आपणच मिटून घेतो. पन्नास रुपयांच्या व्हॉल्व्हनं बूस्ट वाढवणारे जुगाडू या गाडीपुढं हरतात ते यामुळंच. लॅपटॉप जोडून कॉम्प्युटरमधला २० क्रमांकाचा आकड्यांचा ब्लॉक उघडला की प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग नॉकमुळं किती अंश मागं घेतलंय ते दिसतं. ११५ मध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी दिसतात. मी चालवतो, हेल्पर शेजारी बसून रेकॉर्ड करतो. घरी येऊन रात्री आकडे बघायचे. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, एकच ओढ मिळते, पंखा समोर असतो, सगळं छान दिसतं. खरी गाडी एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पुण्याच्या रस्त्यावर ट्रकच्या मागं असते. या गाडीचा दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर उजव्या पुढच्या मडगार्डच्या आत, लहानसा. एकदा तापला की लवकर निवत नाही. म्हणून मी मॅप एप्रिलसाठी लावतो. डिसेंबरात मिळणारी ताकद ती वरकमाई.

पेट्रोलचा मामला आता आणखी गुंतलाय. २०२५ पासून पंपावर साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचंच मिळतं. आमच्या जिल्ह्यात हे विशेष : ज्या उसाच्या बिलातून ही गाडी सांभाळली जाते, त्याच उसाचा अर्क तिच्या टाकीत परत येतो. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, म्हणजे नॉकच्या दृष्टीनं ते चांगलंच. पण एक किलो साध्या पेट्रोलला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या जवळपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त टाकायला हवं. हलक्या पायानं चालवताना धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर ही तूट भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलला मॅपमधल्या आकड्यांवरच जास्त भिस्त असते, आणि ते आकडे जुन्या पेट्रोलचे असतील तर मिश्रण पातळ होतं. बूस्टखाली पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला भोक. २००५ ची गाडी रीमॅप करताना कुणी जुनीच फाईल टाकत असेल, तर त्याला हा प्रश्न जरूर विचारा. इंधनाच्या रबरी नळ्याही बदलून घ्या. त्या काळातलं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं.

बूस्ट आम्ही पाऊण बारच्या थोडा वर ठेवला. त्याहून वर नेलं की चारपैकी एका सिलिंडरचं टायमिंग मागं जायला लागायचं, म्हणजे गाडी एका हातानं ताकद घेत होती आणि दुसऱ्या हातानं परत करत होती. अश्वशक्ती एकशे ऐंशीच्या आसपास आली. युरोपातल्या तिच्या बहिणीला कारखान्यातूनच मिळालेली तेवढीच. मालक खूश झाला, पण महिनाभरानं परत आला, मोठ्या टर्बोची माहिती मोबाइलवर घेऊन. "अडीचशे, दादा?"

मी नाही म्हणालो, आणि या इंजिनाच्या बाबतीत अजूनही म्हणेन. ब्लॉक मजबूत, क्रँक मजबूत, हेड उत्तम; पण मूळचे कनेक्टिंग रॉड बारीक आहेत. जास्त आरपीएमला ते निभावून नेतात, कमी आरपीएमला अचानक आलेल्या टॉर्कला वाकतात. मोठा टर्बो घालायचा तर फोर्ज केलेले रॉड, मोठे इंजेक्टर, मोठा इंटरकूलर, क्लच, आणि मग ब्रेक. एवढा खर्च केला की ती गाडी दुसरीच होते. तो म्हणाला, दुसरीकडं करून घेतो. त्यात गैर काही नाही, पैसे त्याचे. मी त्याला जाताना एवढंच सांगितलं, की तेलाच्या दाबाचा गेज काढू नको.

त्यानं अजून मोठा टर्बो घातलेला नाही. पाच हजार किलोमीटरला तेल बदलायला येतो, स्वतःच डबा घेऊन येतो, आणि डब्यावरचा ५०२ ०० चा आकडा मला दाखवतो. पंधरा वर्षं झाल्यावर आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करून घ्यावं लागतं, तेही त्यानं करून घेतलंय.

या गाड्यांचे सुटे भाग आता दिवसेंदिवस मिळेनासे झालेत. मॅनिफोल्ड, मूळ डायव्हर्टर व्हॉल्व्ह, पाच व्हॉल्व्हवालं हेड, अगदी सम्पसुद्धा युरोपातून मागवावा लागतो आणि वर कस्टम ड्युटी भरावी लागते. तुमच्या ओळखीत एखादी १.८ टर्बो ऑक्टाव्हिया अपघातानंतर किंवा कागदपत्रांच्या भानगडीत कुठल्या तरी आवारात उभी असेल, तर तिचं इंजिन किलोच्या भावानं भंगारात घालू नका. जवळच्या एखाद्या चांगल्या मिस्त्रीला आधी कळवा.